किनाऱ्यापासून दूर आणि पुन्हा किनाऱ्याजवळ: ऑफशोअर पॉवरबोट शर्यतींच्या दोन पिढ्या

आपण विचारले आहे की १९६० आणि ७०च्या दशकांतील ऑफशोअर पॉवरबोट शर्यती, म्हणजे खुल्या समुद्रातील वेगवान मोटरनौकांच्या शर्यती, आणि आजच्या शर्यती यांत नेमका फरक कोणता, तो केवळ वेगाचा आहे का, आणि जुन्या पिढीतील माणसे आजच्या नौकांवर टिकली असती का. उमेदीची वर्षे मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा, हाताळण्यात घालवली आणि पुढे शर्यतीपूर्वी नौकांची तांत्रिक तपासणी करण्याचे काम केले, म्हणून या प्रश्नाकडे मला दोन्ही बाजूंनी पाहता येते. वेग अनेक पटींनी वाढला हे खरेच आहे. परंतु त्याहून मोठा बदल असा की चालकाची लढत कोणाशी आहे, हेच बदलले. पूर्वी ती समुद्राशी होती आणि इतर नौका कित्येकदा तासन्‌तास नजरेसही पडत नसत. आज लढत शेजारच्या नौकेशी आहे आणि समुद्राने आपल्याला किती वेगाने जाऊ द्यायचे एवढेच ठरवावे, अशी रचना आहे. नौकेचा आकार, त्यातील माणसांची कामे, शर्यतीचा मार्ग आणि सुरक्षेचे नियम हे सारे या एका बदलाच्या आगेमागे बदलत गेले.

आधुनिक ऑफशोअर शर्यतींचा आरंभ १९५६च्या मायामी ते नासाऊ या शर्यतीपासून मानतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून निघायचे, गल्फ स्ट्रीमचा प्रवाह ओलांडायचा आणि बहामा बेटांमधून वाट काढत नासाऊ गाठायचे, एवढाच आराखडा होता. उत्तरेकडे वाहणाऱ्या त्या प्रवाहाविरुद्ध वारा सुटला की तेथे उभ्या, तोकड्या अंतराच्या लाटा उठतात आणि वेगवान नौकेला त्यांच्याइतका मोठा शत्रू नाही. पहिली शर्यत सॅम ग्रिफिथ आणि डिक बर्ट्राम यांनी जिंकली. त्या काळातील वेगवान नौकांचे तळ बहुतेक सपाट, विशेषतः मागच्या बाजूला सपाट असत. शांत पाण्यावर असा तळ सहज उचलला जातो, पण लाटेवरून उडून परत आपटला की तो सारा धक्का नौकेच्या फळ्यांना आणि माणसांच्या मणक्यांना सोसावा लागतो. त्यामुळे इंजिनात शक्ती कितीही असली तरी खवळलेल्या समुद्रात ती वापरता येत नसे. माणसे आधी थकत किंवा नौका आधी फुटे.

ही कोंडी नौकारचनाकार रे हंट यांच्या तळाने फोडली. १९५८मध्ये अमेरिका कप या शिडाच्या नौकांच्या स्पर्धेच्या निवडचाचण्यांच्या वेळी अमेरिकेतील न्यूपोर्टजवळ बर्ट्राम यांनी हंट यांची एक लहान नौका खवळलेल्या पाण्यातून आश्चर्यकारक सहजतेने जाताना पाहिली. तिचा तळ ‘डीप-व्ही’ होता: पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल, मागेही सुमारे २४ अंशांचा उतार राखणारा आणि पाणी बाजूला फेकून नौकेला उचलणाऱ्या लांबट पट्ट्या असलेला. असा तळ पाण्यावर आपटत नाही, पाण्यात शिरतो, आणि धक्का एकाच क्षणात न बसता थोड्या कालावधीत विभागला जातो. बर्ट्राम यांनी हंट यांच्याकडून सुमारे ३० फुटांची ‘मॉपी’ ही लाकडी नौका करवून घेतली आणि १९६०च्या मायामी–नासाऊ शर्यतीत उतरवली. त्या दिवशी समोरून जोराचा वारा होता. मॉपी सुमारे आठ तासांत नासाऊला पोहोचली. अभियंते व चालक जिम विन यांची दुसरी नौका तिच्यामागून दोनेक तासांनी आली, आणि तीही डीप-व्हीच होती. बाकीच्या नौका दुसऱ्या दिवशी येत राहिल्या. एका शर्यतीने नौकाबांधणीतील एवढा मोठा वाद इतक्या स्वच्छपणे मिटवल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. आज किनाऱ्यालगत धावणाऱ्या साध्या मोटरबोटींपासून गस्ती नौकांपर्यंत जो खोल तळ दिसतो, त्याचा पाया तेथे घातला गेला.

ही कल्पना एकट्या अमेरिकेत वाढली असे मात्र नाही. कराचीत जन्मलेले आणि काही काळ मुंबईत नौकाबांधणी केलेले सॉनी लेव्ही यांनी इटलीत याच दिशेने स्वतंत्र विचार केला. त्यांच्या ‘आ स्पेरान्झिएला’ नौकेने १९६३ची इंग्लंडमधील काउझ–टॉर्की शर्यत जिंकली आणि पुढे ‘सर्फ्युरी’ने १९६७मध्ये तीच जिंकली. अर्धे पाते पाण्याबाहेर ठेवून फिरणाऱ्या प्रॉपेलरवरही त्यांनी फार आधी काम केले. आजच्या बहुतेक वेगवान शर्यती नौकांचे प्रॉपेलर अशाच प्रकारे चालते, पण लेव्ही यांचे नाव त्या संदर्भात क्वचितच घेतले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काउझ–टॉर्की शर्यत १९६१मध्ये सर मॅक्स एटकेन यांनी मायामी–नासाऊवरून स्फूर्ती घेऊन सुरू केली. इंग्लिश खाडीच्या कडेने जाणारी ही शर्यत पहिल्या वर्षी टॉमी सॉपविथ यांनी ‘थंडरबोल्ट’ नौकेने जिंकली. वेगवान, पण समुद्रात भरवशाच्या नौका घडाव्यात हा तिचा उघड हेतू होता, आणि तो कागदावर राहिला नाही. शर्यतीत जे टिकले ते दोनतीन वर्षांत विक्रीच्या नौकांमध्ये उतरत असे. मॉपीवरूनच फायबरग्लासची बर्ट्राम ३१ ही नौका निघाली आणि तिने घराघरांतील मासेमारीच्या व सहलीच्या नौकांचे रूप पालटले. जिम विन यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन नौकेत आणि प्रॉपेलर फिरवणारा भाग (ड्राइव्ह) बाहेर मागे, ही रचना व्होल्व्हो पेंटाने १९५९मध्ये बाजारात आणली होती. तिचे दोष सर्वांत कठोरपणे उघडे पडले ते शर्यतीत. अमेरिकेतील डॉन एरोनाउ यांनी तर फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट अशा एकामागून एक कंपन्या उभ्या केल्या आणि १९६७ व १९६९मध्ये स्वतः जगज्जेतेपद मिळवून आपल्या नौकांची जाहिरात केली. त्या पिढीत नौका घडवणारा, विकणारा आणि शर्यतीत चालवणारा हा पुष्कळदा एकच माणूस असे. आज ही कामे तीन वेगवेगळ्या जणांकडे असतात.

त्या काळातील शर्यतीत प्रत्यक्ष काय करावे लागे, हे समजल्याशिवाय तुलना अपुरी राहील. नौकेवर साधारणतः तीन जण असत: सुकाणू धरणारा चालक, थ्रॉटल हाताळणारा थ्रॉटलमन आणि मार्ग सांगणारा नॅव्हिगेटर. ते उघड्या कॉकपिटमध्ये, बहुधा उभे राहून, गुडघ्यांनी धक्के झेलत जात. नॅव्हिगेटरजवळ होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा. नौका उसळत असताना होकायंत्राची सुई स्थिर राहत नाही, नकाशा ओला होतो, आणि तरीही प्रवाहाने नौका किती सरकवली असेल याचा अंदाज बांधून पुढचा दीपस्तंभ किंवा बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) कोठे दिसायला हवा हे सांगायचे असते. काही अंशांची चूक दोन तासांनी कित्येक मैलांची होते. वेगात पुढे असलेली नौका बोया शोधत फिरत राहिली आणि मागून संथपणे, पण अचूक आलेली नौका जिंकली, असे त्या काळी वारंवार घडे. म्हणून मी तरुणांना नेहमी सांगतो की जुन्या निकालपत्रिकांतील सरासरी वेगाचे आकडे पाहून हसू नये. त्या आकड्यांत शोधण्याचा, दुरुस्तीचा आणि भरकटण्याचा वेळ मिळवलेला आहे. १९६९मध्ये संपूर्ण ब्रिटनला वळसा घालणारी शर्यत फिनलंडचे रॅलीचालक टिमो मॅकिनेन यांनी जिंकली, आणि रॅलीत मुरलेला माणूस तेथे यशस्वी व्हावा यात आश्चर्य नव्हते, कारण यंत्र जपून, मार्ग न चुकता, दिवसामागून दिवस वेग टिकवणे हेच दोन्हीकडे लागत होते.

थ्रॉटलमनचे काम मात्र दोन्ही पिढ्यांना जोडणारा सर्वांत मजबूत धागा आहे, आणि बाहेरच्या माणसाला तेच सर्वांत कमी दिसते. नौका लाटेवरून उडाली की प्रॉपेलर पाण्याबाहेर येते, त्यावरचा भार एकदम नाहीसा होतो आणि इंजिनाचे फेरे क्षणार्धात धोक्याच्या रेषेपलीकडे जातात. परत पाण्यात शिरताना तो भार तितक्याच अचानकपणे येतो आणि गिअर, शाफ्ट, ड्राइव्ह यांपैकी जे कमजोर असेल ते तुटते. म्हणून नौका पाणी सोडण्याच्या किंचित आधी थ्रॉटल मागे घ्यायचे आणि पाण्याला टेकण्याच्या किंचित आधी पुढे द्यायचे. हे डोळ्यांनी पाहून करता येत नाही. पायांखालचा कंप आणि इंजिनाचा आवाज यांवरून हाताने आपोआप करायचे असते. खवळलेल्या समुद्रात शर्यतभर ही हालचाल न थकता चालू ठेवणे म्हणजे शर्यत पूर्ण करणे, असेच जुन्या काळी समीकरण होते. आज इंजिनाचे फेरे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मर्यादेत ठेवले जातात, त्यामुळे एखादी चूक इंजिनाचा घास घेत नाही. पण थ्रॉटलमनचे काम हलके झाले असे मुळीच नाही. आता त्याच्या हाताखाली ट्रिम टॅब (नौकेचा कल साधणाऱ्या मागच्या पट्ट्या), ड्राइव्हचा कोन, काही नौकांत नाळेतील पाण्याची टाकी भरण्या-रिकामी करण्याची कळही असते, आणि निर्णयाला मिळणारा वेळ अत्यल्प झाला आहे. ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने जाणारी नौका एका सेकंदात सुमारे ७० मीटर पाणी मागे टाकते. मॉपीने त्याच सेकंदात दहाबारा मीटर टाकले असतील.

दोन पिढ्यांमधली खरी सीमारेषा मी कॅटामरानच्या आगमनात पाहतो. एका तळाऐवजी दोन अरुंद तळ आणि त्यांच्यामधून वाहणारी हवा, अशी ही रचना आहे. वेग वाढला की त्या बोगद्यात दाबली जाणारी हवा नौकेचा बराचसा भार उचलते आणि पाण्याचे घर्षण कमी होते. इंग्लंडच्या कूगर कंपनीने १९७०च्या दशकात अशा नौका ऑफशोअर शर्यतीत पुढे आणल्या. सुरुवातीला सर्वांचा समज असा की त्या शांत पाण्यापुरत्या आहेत आणि समुद्र उसळला की डीप-व्हीच जिंकेल. काही वर्षे हा समज खराही होता. अमेरिकेच्या बेटी कुक यांनी १९७७ आणि १९७९मध्ये जगज्जेतेपद मिळवले तो हाच संधिकाळ. लाटांच्या उंचीवरून कोणती नौका उतरवायची हे ठरवणे हेसुद्धा तेव्हा कौशल्य होते. पुढे कॅटामरान लांब, रुंद आणि मजबूत होत गेल्या, लाकूड व साध्या फायबरग्लासच्या जागी केव्हलार व कार्बन फायबर हे हलके, मजबूत तंतू आणि मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ गाभ्याचे पत्रे आले, आणि १९८०च्या दशकात सर्वोच्च वर्गावर कॅटामरानचे वर्चस्व बसले. ब्रिटनचे चालक स्टीव्ह कर्टिस यांनी पहिले जगज्जेतेपद १९८५मध्ये मिळवले आणि नंतर अनेकदा मिळवले. ते कूगरच्या क्लाइव्ह कर्टिस यांचे पुत्र, म्हणजे या बदलाच्या कारखान्यातच वाढलेले.

हवेने उचललेल्या नौकेला हवाच उलटवू शकते. डीप-व्हीत चूक झाली तर नौका आपटते, कलंडते, क्वचित नाळ लाटेत खुपसते. कॅटामरानची नाळ एका मर्यादेपलीकडे वर गेली की बोगद्यातील हवा तिला तशीच मागे पलटवते आणि त्या क्षणी थ्रॉटल मागे घेऊनही काही उपयोग होत नाही. मोठ्या वेगात पाण्यावर आपटणे हे जमिनीवर आपटण्यासारखेच असते, आणि नाळ लाटेत शिरली तर हवेच्या सुमारे आठशे पट घनतेचे पाणी थेट कॉकपिटमध्ये घुसते. १९८०च्या दशकात वेग या धोक्यांच्या पलीकडे गेला, पण माणसांचे संरक्षण मात्र उघड्या नौकांच्या काळातलेच राहिले. अपघातात बाहेर फेकले जाणे हे आत अडकण्यापेक्षा बरे, हा तेव्हाचा सर्वमान्य विचार होता. साठ किलोमीटरच्या वेगाला तो लागू होता. दोनशेला तो जीवघेणा ठरला.

१९८७च्या ऑगस्टमध्ये फॉर्म्युला वनमधून या खेळात आलेले दिदिए पिरोनी इंग्लंडच्या वाइट बेटाजवळ एका तेलवाहू जहाजाच्या मागे उठलेल्या लाटेवर नौका उलटून गेले; त्यांचे दोन्ही सहकारी बर्नार जिरू आणि जाँ-क्लोद गेनार हेही त्याच अपघातात दगावले. काही दिवस आधीच त्यांनी नॉर्वेतील आरेन्डालची शर्यत जिंकली होती. ३ ऑक्टोबर १९९० रोजी आदल्या वर्षीचे जगज्जेते स्तेफानो कासिरागी मोनाकोजवळ आपले विजेतेपद राखताना कॅटामरान उलटून मरण पावले. ते तीस वर्षांचे होते. त्यांचे सहकारी पात्रिस इनोचेंती वाचले. अमेरिकेतील काही संघांनी लढाऊ विमानांच्या पारदर्शक झाकणांचा वापर आधीच सुरू केला होता, पण अनेक चालकांचा त्याला विरोध होता. आत कोंडल्यासारखे होते, लाटेचा अंदाज येत नाही, उलटल्यावर बुडून मरू, ही त्यांची कारणे होती आणि ती तकलादू नव्हती. कासिरागी यांच्या मृत्यूनंतर सर्वोच्च वर्गात बंद कॉकपिट आणि पट्ट्यांनी बांधलेले आसन अनिवार्य झाले. तपासणीच्या कामात मी या आक्षेपांचा विचार नेहमी केला, कारण नुसते झाकण बसवून माणूस वाचत नाही. नौका उलटी तरंगते तेव्हा कॉकपिट पाण्याखाली जाते; म्हणून दोन तळांच्या मध्ये बाहेर पडण्याचे दार हवे, शिरस्त्राणाला जोडलेला हवेचा साठा हवा, पट्ट्यांची कळ अंधारात उलट्या स्थितीत हाताला लागायला हवी, आणि हे सर्व चालकाने पाण्यात उलटवलेल्या सांगाड्यात बसून प्रत्यक्ष करून दाखवायला हवे. वर हेलिकॉप्टर आणि त्यातून उडी मारणारे पाणबुडे हवेत, आणि तेही काही मिनिटांत नव्हे, काही सेकंदांत पोहोचणारे. एवढे असूनही २०११मध्ये फ्लोरिडातील की वेस्टच्या जागतिक शर्यतींत एकाच आठवड्यात तीन चालक गेले. झाकणाची जाडी, कॉकपिटची मजबुती, ती किती वर्षे जुनी आहे, यावर त्यानंतर जी कडक चर्चा झाली ती आधी व्हायला हवी होती, असे मला आजही वाटते.

सुरक्षेच्या याच गरजेने शर्यतीचा मार्गही बदलला. शंभर मैलांवर पसरलेल्या नौकांवर हेलिकॉप्टर लक्ष ठेवू शकत नाही. काही मैलांच्या फेऱ्यांवर ते शक्य होते. प्रेक्षकांना आणि दूरचित्रवाणीला नौका पुन्हा पुन्हा समोरून जाताना पाहायच्या होत्या, पुरस्कर्त्यांना आपली नावे दिसायला हवी होती. दुसऱ्या बाजूने उपग्रहांच्या साह्याने स्थान दाखवणारी यंत्रे आली आणि नॅव्हिगेटरची जागा रिकामी झाली. म्हणून आज सर्वोच्च वर्गाच्या नौकेत दोघेच बसतात, शर्यत किनाऱ्याच्या नजरेत बोयांभोवती फेऱ्या मारत होते आणि ती बहुधा तासाभरात संपते. वळण घेण्याचे कौशल्य त्यामुळे कमालीचे पुढे गेले आहे. पूर्वी संपूर्ण शर्यतीत जेवढी तीव्र वळणे नसत तेवढी आज पहिल्या काही फेऱ्यांत घ्यावी लागतात, शेजारच्या नौकेच्या फेसाळ पाण्यातून जाताना समोर काही न दिसता घ्यावी लागतात. या पिढीला कमी लेखणाऱ्यांनी हे एकदा जवळून पाहावे.

तरीही काही गमावले आहे, आणि ते सांगताना मी संकोच करणार नाही. हवामान वाचणे, प्रवाहाचा हिशेब करणे, इंधन आणि यंत्र जपून दूरवर पोहोचणे ही नाविकाची विद्या सर्वोच्च वर्गातून जवळजवळ बाहेर गेली. ती लांब पल्ल्याच्या शर्यतींत आणि बंदर ते बंदर विक्रमांत उरली आहे. इटलीचे फाबियो बुझ्झी हे त्या परंपरेचे थोर प्रतिनिधी होते. १९८४ची ब्रिटनला वळसा घालणारी शर्यत त्यांच्या डिझेल नौकेने जिंकली होती, आणि डिझेल इंजिन वेगाला चालत नाही हा समज मोडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१९मध्ये मोंटे कार्लो ते व्हेनिस विक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात, अंधारात, व्हेनिसच्या तोंडाशी त्यांची नौका लाटारोधक भिंतीवर आदळली आणि ते गेले.

पैशाविषयी थोडेच सांगतो. हा खेळ कधीच स्वस्त नव्हता, आणि १९८०च्या दशकात अमेरिकेत इंजिनांची शक्ती व खर्च यांना धरबंध राहिला नाही. त्याच काळात काही विजेते अमली पदार्थांच्या तस्करीत दोषी ठरले आणि खेळाची प्रतिष्ठा बरीच वर्षे डागाळलेली राहिली. आजच्या वर्गांत इंजिनाची शक्ती, कधी कधी सीलबंद इंजिनच, नियमाने ठरलेले असते. अमेरिकेत पुन्हा उभारलेल्या क्लास वन या सर्वोच्च वर्गात प्रत्येकी सुमारे ११०० अश्वशक्तीची दोन सारखी इंजिने असतात, त्यामुळे निकाल थैलीपेक्षा प्रॉपेलरची निवड, नौकेचा समतोल आणि दोन माणसांचा मेळ यांवर अधिक ठरतो. हा बदल मला निर्विवाद चांगला वाटतो. २०२४मध्ये जेद्दाहपासून सुरू झालेली ई-वन ही पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या विजेच्या नौकांची मालिका मात्र मी ऑफशोअर म्हणणार नाही. ती संथ, बंदिस्त पाण्यातील शर्यत आहे आणि तिला तिच्या निकषांवर जोखावे. बॅटरीचे वजन आणि पल्ला पाहता खुल्या समुद्रात विजेची शर्यत होण्यास अजून अवकाश आहे.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. सॅम ग्रिफिथ किंवा बेटी कुक आजच्या कॅटामरानमध्ये बसले तर लाट वाचण्यात आणि थ्रॉटलवरच्या हातात ते कोणापेक्षा कमी ठरणार नाहीत; त्यांना नव्याने शिकावे लागेल ते हवेला ओळखणे, कारण नाळ उचलली जात असल्याची चाहूल पाण्यातून येत नाही, ती आसनाच्या पाठीतून आणि अचानक हलक्या झालेल्या सुकाणूतून येते. आजचा विजेता १९६०च्या मॉपीवर उभा राहिला तर वेगाने त्याला काहीच वाटणार नाही, पण सहाव्या तासाला, उपकरणांविना, क्षितिजावर काहीही दिसत नसताना कोणत्या दिशेने जायचे हे त्याला ठरवावे लागेल. यांपैकी कोणतेही कौशल्य काही महिन्यांच्या सरावात येत नाही. आपण या खेळात उतरण्याचा विचार करत असाल तर माझा सल्ला असा की सुरुवात एका तळाच्या लहान डीप-व्ही नौकेपासून करावी, खवळलेल्या पाण्यात तिच्यावर थ्रॉटलचा हात घडवावा, होकायंत्रावर एखादा लांबचा पल्ला पार करावा, आणि उलटलेल्या कॉकपिटमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घेतल्याखेरीज कोणत्याही बंद झाकणाच्या नौकेत बसू नये.